पाच किलोचं भांडं

गेल्या शनिवारी सकाळी ताईचा अमेरिकेहून मेसेज आला. "अरे, सेल लागलाय. ल क्रूझेचं भांडं तीनशेला मिळतंय, एरवी चारशेच्या वर असतं. तुझ्यासाठी घेऊ का? डिसेंबरात येताना आणते." खाली फोटो. भडक केशरी रंगाचं, जाड झाकणाचं, दोन कानांचं गोल पातेलं.

तीनशे डॉलर. म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या पुढे. एका पातेल्याला! त्यात वजन झाकणासकट पाच किलोच्या वर. विमानात तेवीस किलोची बॅग, त्यातले पाच किलो हे एकटंच खाणार. मी "बघतो, सांगतो" असं उत्तर दिलं आणि नेहमीप्रमाणे वीकांताची दोन्ही दुपारं त्यात घालवली. बायकोच्या मते एवढ्या वेळात मी घरातली आहेत ती भांडी घासून ठेवली असती. असो.

आता आधी हे भांडं म्हणजे काय ते सांगतो. आत आहे बीड. तेच आपलं बिडाच्या तव्याचं बीड, म्हणजे कास्ट आयर्न. आणि त्यावर आतून बाहेरून काचेचा पातळ थर, म्हणजे एनॅमल. बस्स. बीड आणि काच. दोन्ही गोष्टी जगात सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या वस्तूंपैकी. मग तीनशे डॉलर कसले, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो तर पोचलो थेट १७०७ सालात, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात.

तिथे अब्राहम डार्बी नावाचा एक तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस पितळेचा कारखाना चालवत होता. त्या काळी युरोपात चांगलं पातेलं म्हणजे पितळेचं किंवा तांब्याचं, आणि ते महाग. बिडाची पातेली होती, पण ती करायची पद्धत भयंकर वेळखाऊ. चिकणमातीचा साचा हाताने घडवायचा, वाळवायचा, भाजायचा, ओतायचं आणि मग फोडायचा. प्रत्येक पातेल्याला नवा साचा, पुन्हा पहिल्यापासून. डच लोक मात्र पितळेची भांडी वाळूच्या साच्यात ओतत. डार्बीने ते तंत्र बघितलं आणि त्याला वाटलं, हेच बिडाला का करू नये?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्हाला फाउंड्रीचा एक जॉब होता. लाकडी पॅटर्न, त्याभोवती ठोकून बसवायची वाळू, वरची पेटी कोप आणि खालची ड्रॅग. पॅटर्न काढला की वाळूत हुबेहूब पोकळी उरते, तिच्यात धातू ओतायचा. तेव्हा ते सगळं फार कंटाळवाणं वाटलं होतं आणि माझ्या जॉबला वाळू खचल्यामुळे एक सुंदर भोकही पडलं होतं. पण यातली गंमत आत्ता कळली. साचा दर वेळी मोडतो, पण पॅटर्न तोच राहतो. एकदा पॅटर्न केला की शेकडो साचे. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लास एकदा लिहायचा आणि ऑब्जेक्ट हवे तितके करायचे. :-)

बिडाला हे जमवणं सोपं नव्हतं. पोटाकडे फुगीर असलेलं भांडं, त्यातून ओतताना वायू अडकणार, भिंती जाड-बारीक होणार. डार्बीकडे जॉन थॉमस नावाचा एक वेल्श शिकाऊ मुलगा होता. काम जमवण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि ही पद्धत बाहेर कोणाला सांगणार नाही, असा करारच त्याच्याशी केला होता. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा एनडीए. १७०७ मध्ये डार्बीला वाळूत बिडाची पोटाळ भांडी ओतण्याचं पेटंट मिळालं.

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, फक्त पातेलं वगळून. भांडी करायची तर बीड स्वस्त हवं. बीड गाळायला लाकडी कोळसा लागे आणि तो महागच पडे. डार्बीने उमेदीची वर्षं मॉल्ट दळायच्या चक्क्या करणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून काढली होती. बिअरसाठीचं मॉल्ट वाळवायला तेव्हा दगडी कोळशापासून केलेला कोक वापरायला लागले होते. तो त्याला ठाऊक होता. श्रॉपशरमधल्या कोलब्रुकडेलला त्याने एक बंद पडलेली भट्टी भाडेपट्ट्याने घेतली आणि १७०९ मध्ये तिच्यात कोक वापरून लोखंड गाळलं. नशीब असं की तिथल्या कोळशात गंधक कमी होतं, नाहीतर सगळं मुसळ केरात. शिवाय कोकवर गाळलेल्या बिडात सिलिकॉन जास्त येतं, त्यामुळे ते जास्त पातळ वाहतं आणि बारीक भिंतीचं भांडं नीट ओतता येतं. बाकीचे लोहार त्या काळी कोकच्या लोखंडाला नाकं मुरडत, कारण त्यापासून चांगलं घडीव लोखंड होत नसे. डार्बीला घडवायचं नव्हतंच, ओतायचं होतं. त्याच्या पातेल्यांना ते फिट्ट बसलं.

म्हणजे बघा, ज्या कोकच्या भट्टीला आपण औद्योगिक क्रांतीची सुरुवात वगैरे म्हणतो, ती पेटवली एका पातेलेवाल्याने, स्वस्त पातेली विकता यावीत म्हणून. पुढे त्याच कोलब्रुकडेलमध्ये वाफेच्या इंजिनांचे सिलिंडर ओतले गेले आणि १७७९ मध्ये त्याच्या नातवाने सेव्हर्न नदीवर बिडाचा तो सुप्रसिद्ध पूल उभा केला. डार्बी स्वतः १७१७ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. पण त्याच्या धंद्याचं सूत्र एका वाक्यातलं होतं: जे भांडं पितळेत परवडत नाही ते बिडात परवडावं. गरिबाच्या चुलीसाठीचं भांडं होतं ते. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी मी ताईच्या तीनशे डॉलरांकडे परत येणार आहे.

आता काच. बिडाचा त्रास आपल्याला माहीत आहे. गंजतं, आणि आंबट सहन होत नाही. कोकम, चिंच, टोमॅटो घातला की रस्सा काळपट आणि चवीला लोखंड. आपल्याकडे पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं, म्हणून कल्हई. तिकडे लोखंडाच्या भांड्यांनाही आतून कथलाचा मुलामा द्यायचे, पण कथील साधारण २३२ अंशांना वितळतं. भांडं रिकामं तापलं की कल्हई गेली. त्यापेक्षा टिकाऊ काहीतरी हवं होतं.

मीनाकाम माणसाला फार जुनं माहीत होतं. सोन्यावर, तांब्यावर काचेची रंगीत पूड वितळवून बसवायची. जयपूरची मीनाकारी तीच. पण दागिन्याला बसवलेली काच आणि चुलीवर रोज तापणाऱ्या लोखंडाला बसवलेली काच यात फार फरक. तापल्यावर बीड जितकं प्रसरण पावेल साधारण तितकीच काचही पावली पाहिजे, नाहीतर टवके उडणार. त्यातही काच किंचित कमी प्रसरण पावणारी असावी लागते, म्हणजे थंड झाल्यावर ती दाबाखाली राहते. काचेला दाब चालतो, ताण चालत नाही. त्यात बिडामध्ये तीन-चार टक्के कार्बन, तो आठशे अंशांच्या भट्टीत वायू होऊन बाहेर यायला बघतो आणि काचेत फोड येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशात हे पहिल्यांदा बऱ्यापैकी जमायला लागलं आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम सगळीकडे एनॅमलचे कारखाने झाले. सुरुवातीच्या कित्येक एनॅमलांमध्ये शिसं असायचं. म्हणजे गंज नको म्हणून विष. ते काढून टाकायलाही बरीच वर्षं गेली.

या सगळ्यात मला खरा आवडलेला माणूस म्हणजे झाँ-बाप्तिस्त गोदँ. फ्रान्सच्या उत्तरेला एन जिल्ह्यातल्या खेड्यात १८१७ साली जन्मलेला, एका कुलपं करणाऱ्या लोहाराचा मुलगा. शाळा लवकर सुटली. तेव्हा घरातल्या शेगड्या पत्र्याच्या असत, याने बिडाच्या केल्या, १८४० मध्ये पेटंट घेतलं, पुढे त्यांवर एनॅमल चढवलं आणि पैसा केला. इथवर नेहमीचं. पण नंतर याने गीझ गावात कारखान्याशेजारी कामगारांसाठी १८५९ पासून एक भलीमोठी वसाहत बांधायला घेतली. फामिलिस्तेअर तिचं नाव. काचेचं छत असलेल्या चौकाभोवती मजल्यांवर मजले, प्रत्येक घराला उजेड आणि हवा, शाळा, नाट्यगृह, दुकान, धुण्याची जागा, आणि लहान मुलांना पोहायला शिकता यावं म्हणून तळ वरखाली करता येणारा पोहण्याचा तलाव! १८८० मध्ये अख्खा कारखाना त्याने सहकारी केला, नफ्यात कामगारांना हिस्सा. ही व्यवस्था १९६८ पर्यंत टिकली. वाचताना १९१० सालची आपली किर्लोस्करवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही बिडाच्या नांगरापासूनच सगळं उभं राहिलं होतं.

गीझपासून तीसेक किलोमीटरच्या आत फ्रेन्वा-ल-ग्राँ नावाचं गाव आहे. आणि आता येतं ताईचं भांडं. १९२४ च्या ब्रसेल्सच्या प्रदर्शनात दोन बेल्जियन भेटले. अर्माँ देसाजेर हा ओतकामातला, ऑक्ताव्ह ओबेक हा एनॅमलमधला. एकाकडे बीड, दुसऱ्याकडे काच. १९२५ मध्ये त्यांनी या गावात फाउंड्री काढली. पहिल्या महायुद्धात हा सगळा भाग जर्मनांच्या ताब्यात होता, शेजारचं सँ-काँताँ शहर तर जवळजवळ मातीला मिळालं होतं. अशा ठिकाणी, लोखंड, कोक आणि वाळू आणायला रस्ते सोयीचे म्हणून कारखाना. क्रूझे म्हणजे मूस, धातू वितळवायचं भांडं. मुशीतल्या लालबुंद रसाचा जो रंग, तोच पहिल्या पातेल्याला दिला. तो केशरी रंग आजही चालू आहे, आणि वाळूचा साचा एका पातेल्यानंतर मोडायचा ही डार्बीची रीतही.

आता माझा मुद्दा. १९२५ हे साल नीट बघा. त्याआधी बाराच वर्षं, १९१३ मध्ये, शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील केलं होतं. अॅल्युमिनियम स्वस्त होऊन घराघरात शिरत होतं. म्हणजे गंज आणि आंबट या ज्या दोन अडचणींसाठी बिडावर काच चढवली, त्या अडचणींवर दुसरं आणि हलकं उत्तर येऊ घातलं होतं. आपल्याकडे तेच झालं. स्टील आलं आणि दारावर ओरडत येणारा कल्हईवाला गेला. सरळ हिशेबाने एनॅमलचं बीडही त्याच्याबरोबर जायला हवं होतं. ते का नाही गेलं?

दोन कारणं दिसतात. एक, रंग. काळं बीड स्वयंपाकघराबाहेर यायच्या लायकीचं नव्हतं. हे केशरी पातेलं ओव्हनमधून काढून थेट टेबलावर ठेवता येत होतं. कंपनीने ही गोष्ट फार लवकर ओळखली आणि नंतर कधी सोडली नाही. १९५७ मध्ये त्यांनी कुझाँस ही जुनी कंपनी घेतली, जी आपला वारसा १५५३ पासूनचा सांगायची. १९५८ मध्ये रेमंड लोवीसारख्या नावाजलेल्या डिझायनरकडून एक पातेलं काढून घेतलं. मॅरिलिन मन्रोकडे पिवळ्या रंगाचा सेट होता, तो १९९९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात पंचवीस हजार डॉलरच्या वर गेला. त्यात शिजवलेलं काय होतं ते कोणी विचारलं नसावं.

दुसरं कारण, पुस्तकं. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू असताना एलिझाबेथ डेव्हिड या बाईंनी भूमध्य समुद्राकाठच्या खाण्यावर पुस्तक लिहिलं. लोकांना लिंबू दिसत नव्हतं आणि या लसूण, ऑलिव्ह, वाइनबद्दल लिहित होत्या. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये भांड्यांचं दुकानही काढलं. अमेरिकेत १९६१ मध्ये ज्युलिया चाइल्ड यांचं जाडजूड फ्रेंच पाकशास्त्र आलं आणि १९६३ मध्ये त्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम. पहिल्या भागात त्यांनी केलं काय, तर बफ बुर्गिन्यों, वाइनमध्ये तासन् तास मंद शिजणारं बीफ. त्याला जाड, जड झाकणाचंच भांडं लागतं. डार्बीने गरिबासाठी केलेली वस्तू अशा रीतीने मध्यमवर्गाच्या हौशीची झाली. २००६ मध्ये पुन्हा एक लाट आली. न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरवाल्याची न मळता करायची पावाची कृती न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली. तापलेल्या बंद भांड्यात पाव भाजायचा, आतली वाफ आतच राहते आणि कवच कुरकुरीत होतं. गंमत म्हणजे त्या पावाला लागणारं तापमान ल क्रूझेच्या तेव्हाच्या काळ्या प्लॅस्टिक नॉबच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. लोक महागाचं भांडं घ्यायचे आणि मग नॉब बदलायचे.

मग भांड्यात खरंच काही आहे की नुसती हवा? आहे, पण जाहिरातीत सांगतात ते नाही. "उष्णता समान पसरते" हे अर्धसत्य आहे. बिडाची उष्णतावाहकता साधारण पन्नास, अॅल्युमिनियमची दोनशेच्या वर, तांब्याची चारशेच्या आसपास. छोट्या बर्नरवर मोठं बिडाचं भांडं ठेवा, मधोमध करपेल आणि कडा कोमट राहतील. बीड उष्णता पसरवत नाही, साठवतं. जड असल्यामुळे हळू तापतं आणि हळू निवतं. ओव्हनमध्ये सगळ्या बाजूंनी सावकाश उष्णता मिळते तिथे हा गुण सोन्यासारखा. तीन तास मंद आचेवर काही ठेवायचं तर याच्यासारखं भांडं नाही. मटण गॅसवर कुकरमध्ये पाच शिट्ट्यांत शिजवायचं तर याचा उपयोग शून्य. आणि कुकरचा मूळपुरुष कोण? दनी पापँ, १६७९, तोही फ्रेंचच!

शिवाय आपला स्वयंपाक या काचेच्या मुळावर येणारा. रिकामं भांडं कडक तापवू नका, म्हणजे कोरडं भाजणं गेलं. गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. लोखंडी उलथनं नको. तारेची घासणी नको. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी हे कसं सांगणार? त्यांनी कढई घासायला घेतली की वॉशिंग मशिनचा आवाज ऐकू येत नाही.

आणि स्वस्तातलं? अमेरिकेतली लॉज कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी करते. तिचं चिनी बनावटीचं एनॅमलचं पातेलं शंभर डॉलरच्या आसपास मिळतं. बीड तेच, भौतिकशास्त्र तेच, रश्शाला फरक कळणार नाही. महागात काय मिळतं तर थोड्या बारीक भिंती म्हणून थोडं कमी वजन, पकडायला मोठे कान, जास्त टिकणारं एनॅमल, आणि जन्मभराची वॉरंटी. हे खोटं नाही. पण चौपट किंमतीचं आहे का? माझ्या मते यातले शंभर-दीडशे डॉलर भांड्याचे, उरलेले कहाणीचे. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवलंय की देशात गरजेपेक्षा जास्त सोनं-चांदी आणणं म्हणजे घरात गरजेपेक्षा जास्त पातेली आणून जेवण चांगलं होईल अशी आशा करणं. त्याला सेल माहीत नव्हता.

हे सगळं ताईला रविवारी रात्री फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "माझं बारा वर्षांपूर्वीचं आहे. इथे पहिला पगार झाला तेव्हा घेतलेलं. बाहेर बर्फ असतो, दर रविवारी त्यात मटण लावते आणि तीन तास घर वासाने भरून राहतं. पुढे ते पोरीला देणार आहे. तुझा हिशेब तू ठेव."

यावर मी काय बोलणार? तिच्याकडे ओव्हन आहे, थंडी आहे, आणि भांडं रोजच्या रोज दुसऱ्याच्या हातात जात नाही. तिचे पैसे केव्हाच वसूल झालेत.

आणि पोरीला देणार म्हणाली त्यावरून आजीचा बिडाचा तवा आठवला. आंबोळ्या काय सुटायच्या त्यावर! आजी गेल्यावर आम्ही नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हा नॉनस्टिक घेतला आणि तो तवा भंगारात दिला, किलोच्या भावाने. मी कॉलेजात होतो, मीच तो जिन्यावरून खाली नेला होता. पन्नास वर्षं वापरलेला असेल, आणि अजून पन्नास सहज चालला असता. त्याला कुठलीच वॉरंटी नव्हती. त्यानंतर आमच्याकडे पाच तरी नॉनस्टिक तवे येऊन गेलेत.

ताईला म्हटलं, भांडं नको. पुढच्या शनिवारी तुळशीबागेत जाऊन बिडाचा तवा बघतो. आता म्हणे मशीनने गुळगुळीत केलेलेही मिळतात, पण मला तो खडबडीतच हवाय.

"बरं," ती म्हणाली, "मग त्या पाच किलोत आईसाठी बदाम आणते."